चांगले पुस्तक म्हणजे कोणते?

‘फादर, एखादे चांगले पुस्तक सुचवा,’ ही विनंती धर्मग्रामाच्या ग्रंथालयाशी संबंध असलेल्या प्रत्येक धर्मगुरूला अधूनमधून ऐकावी लागते. विनंती करणाऱ्याच्या मनात ‘चांगले’ या शब्दाचा अर्थ बहुधा ठरून गेलेला असतो. ज्यात शिव्या नाहीत, शरीराचे उल्लेख नाहीत, शेवटी सज्जनाचा जय होतो आणि जे घरातल्या कोणाच्याही हाती निर्धास्तपणे देता येते, ते चांगले पुस्तक. आईवडिलांची ही काळजी समजण्यासारखी आहे. तिची थट्टा करण्याचे कारण नाही. मात्र दहा वर्षांच्या मुलाने काय वाचावे आणि चाळिशीच्या गृहस्थाने काय वाचावे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लावले, की कपाटात संतचरित्रे, बोधकथा आणि ‘श्यामची आई’च्या दोनतीन प्रती एवढेच उरते व प्रौढ वाचक हळूहळू ग्रंथालयाकडे पाठ फिरवतो.

‘श्यामची आई’चे नाव मुद्दाम घेतले. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले व १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. ते सर्वांत निर्धोक पुस्तक मानले जाते. पण त्याचे बळ नुसत्या उपदेशात आहे काय? उपदेशाची पुस्तके मराठीत ढिगाने होती व आहेत. ती कोणाच्या स्मरणात नाहीत. श्याम आपला हट्ट, आपला भित्रेपणा, आपला खोटेपणा लपवीत नाही, म्हणून त्याच्या आईचे मोठेपण आपल्याला खरे वाटते. ज्या पुस्तकाला आपण सोज्ज्वळ म्हणतो, तेही मुळात आपले दोष उघड करणारे पुस्तक आहे.

येथून एक कसोटी हाती लागते. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूला एक गोष्ट लवकर उमगते. दुसऱ्याची पापे सविस्तर सांगणारा माणूस पापनिवेदन करीत नसतो, तक्रार करीत असतो. आत्मकथनालाही हेच माप लावावे. लेखकाने स्वतःला किती सवलत दिली आहे, हा आत्मकथनाच्या वाचकाचा पहिला प्रश्न असावा. कादंबरीचा प्रश्न थोडा निराळा आहे. तेथे लेखक स्वतःविषयी बोलत नाही, इतरांच्या अंतःकरणात शिरतो. म्हणून तेथे असे विचारावे, की लेखकाला जो माणूस पटत नाही, त्यालाही त्याने न्याय दिला आहे काय? या दोन प्रश्नांना जी पुस्तके उतरतात ती, त्यांत शिव्या असोत वा नसोत, चांगली पुस्तके होत. पुढील शिफारशी या दृष्टीने केल्या आहेत.

आरंभ तीन पुस्तकांच्या एका संचापासून करावा. तिन्हींचा विषय एक, हिंदू विधवेची स्थिती. पहिले बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७). मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते व ती एका ख्रिस्ती लेखकाने लिहिली, याचा आपल्या समाजाला अभिमान आहे. यमुना व तिचा पती विनायक प्रवासाला निघतात, ठिकठिकाणी त्यांना विधवा भेटतात, त्यांच्या कहाण्या आपल्यासमोर येतात. पुढे यमुनेवरच वैधव्य ओढवते. ती ख्रिस्ती होते व पुनर्विवाह करते. अभिमान बाजूला ठेवून वाचले, तर तिच्यातील उणीव स्पष्ट दिसते. विधवांच्या कहाण्या जिवंत आहेत. त्यांवरील भाष्य मात्र ठरीव आहे. लेखकाला उत्तर आधीच ठाऊक आहे आणि त्याला न पटणाऱ्या मतांचा माणूस आला, की तो वादात हरण्यासाठीच आलेला असतो. आपल्या दुसऱ्या प्रश्नाला ही कादंबरी पूर्णपणे उतरत नाही. तरीही ती वाचावी. ज्या काळी या स्त्रियांकडे कोणी पाहतही नव्हते, त्या काळी कोणीतरी वाट वाकडी करून त्यांच्या दारी थांबले आणि त्यांचे ऐकून घेतले, हे थोडे नव्हे.

दुसरे पुस्तक हरि नारायण आपटे यांचे ‘पण लक्षात कोण घेतो!’. ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत गेली व १८९३ च्या सुमारास पूर्ण झाली. येथे नायिका यमू स्वतःच आपली हकीकत सांगते. तिशीच्या आतल्या एका पुरुषाने बालविवाहित मुलीच्या तोंडून ‘मी’ म्हणावे आणि वाचकाला ते खोटे वाटू नये, हे मराठी कादंबरीचे केवढे मोठे पाऊल! पदमनजींच्या पुस्तकात आपण विधवेला पाहुण्याच्या नजरेने पाहतो. येथे तिच्या शेजारी माजघरात बसतो. यमूचे बळजबरीने केशवपन होते, तो प्रसंग वाचताना आजही मन घट्ट करावे लागते. शंकरमामंजीसारखी पात्रे फार काळ्या रंगात रंगविली आहेत, हा आक्षेप रास्त आहे. पण घरातील साध्या, स्वभावाने बऱ्या माणसांच्या हातूनही केवळ रीत म्हणून क्रौर्य कसे घडते, हे हरिभाऊंनी जसे दाखविले, तसे त्यांच्या आधी मराठीत कोणी दाखविले नव्हते.

तिसरे पुस्तक कादंबरी नव्हे. आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ १९४४ साली प्रसिद्ध झाले. बालपणीच विधवा झालेल्या गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकायला आल्या. हे सदन १८८९ साली मुंबईत सुरू झाले आणि गोदूबाई तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला व मुरुड गावाने या दांपत्यावर बहिष्कार घातला. यमूची कहाणी वाचून डोळे पुसणारा वाचक या पुस्तकापाशी आला, की त्याला थोडे आश्चर्य वाटते. येथे रडणे फारसे नाही. येथे कामे आहेत, पैशांची ओढाताण आहे, संस्थेच्या पायी संसाराने सोसलेली कुचंबणा आहे आणि हे सर्व सांगणाऱ्या बाईंचा ताठ कणा आहे. कादंबरीकाराने विधवेविषयी करुणा निर्माण केली. विधवेने स्वतः लेखणी धरली, तेव्हा तिने करुणा मागितली नाही. हा फरक कळण्यासाठी तिन्ही पुस्तके एकापाठोपाठ वाचली पाहिजेत. एकच वाचून तो कळणार नाही.

आनंदीबाईंच्या शेजारी ‘स्मृतिचित्रे’ ठेवावीत. लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मकथन १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. आपल्या ग्रंथालयांत ते असतेच. पण ते कसे वाचले जाते, याचा विचार केला पाहिजे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी १९०० साली, या दोन तारखांमध्ये आपण हे पुस्तक कोंबून टाकतो व ‘आपले पुस्तक’ म्हणून त्याला मानाने कपाटात ठेवतो. मधल्या पाच वर्षांत काय झाले? पतीच्या धर्मांतराने एका स्त्रीचे घर, नातलग, गावातील स्थान, सारेच एका दिवसात उन्मळून पडले. तिला विचारले नव्हते. तिचा संताप, तिचे दुःख, परतल्यावरही वेगळी चूल मांडून राहणे, हे तिने काहीही न लपविता लिहिले आहे. पुढे ती स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या गतीने जातिभेदाच्या कल्पनेतून बाहेर पडली. कोणी ओढून नेले म्हणून नव्हे.

विश्वासाच्या वाटेवर चालणाऱ्या घरांनी हे पुस्तक यासाठीच वाचावे. एकाला मिळालेला प्रकाश घरातील दुसऱ्याला काही काळ अंधारासारखा वाटू शकतो, हे आपण प्रवचनांत फारसे सांगत नाही. लक्ष्मीबाई ते हसत हसत सांगतात. वडिलांचे टोकाचे सोवळे, टिळकांचा रागीटपणा, हातात आलेले सर्व वाटून टाकण्याची त्यांची सवय आणि त्यामुळे होणारी घरातील तारांबळ, यांतील कशावरही त्या पांघरूण घालीत नाहीत. स्वतःच्या अज्ञानाच्या फजित्याही तितक्याच मोकळेपणाने मांडतात. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंची मराठी इतकी सरळ आहे, की मोठमोठ्या पंडितांनी तिच्यापाशी शिकायला बसावे. याच्या जोडीला रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) वाचले, तर एक सूक्ष्म भेद जाणवतो. रमाबाईंचे पुस्तकही थोर आहे. परंतु तेथे पतीची आठवण नतमस्तक होऊन सांगितली आहे. लक्ष्मीबाई पतीवर तितकेच प्रेम करतात; पण ताठ उभे राहून, कधी कपाळाला हात लावून, त्याच्याकडे पाहतात. आदरापोटी माणूस काही गोष्टी गाळतो. प्रेमाला ते करावे लागत नाही.

आता ज्या पुस्तकांविषयी तक्रार येते, त्यांकडे वळू. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. दगडू मारुती पवार नावाचा एक माणूस दया पवार या लेखकाला आपली कहाणी सांगतो, अशी त्याची मांडणी आहे; दोघेही एकच. नगर जिल्ह्यातील गावचा महारवाडा आणि मुंबईतील कावाखाना, या दोन ठिकाणी हे आयुष्य घडले. भाषा कडक आहे, प्रसंग ओंगळ आहेत. ‘हे आपल्या ग्रंथालयात कशाला?’ असे विचारले जाते. उत्तर असे, की आपल्या पहिल्या प्रश्नाला इतके पूर्ण उतरणारे आत्मकथन मराठीत क्वचितच आढळेल. अन्याय करणाऱ्या समाजावर दया पवार आरोप ठेवतात; पण त्याच पिंजऱ्यात ते स्वतःलाही उभे करतात. स्वतःचा भित्रेपणा, पत्नीशी झालेली वागणूक, शिकून वर आल्यावर आपल्याच माणसांची वाटलेली लाज, यांतील काहीही त्यांनी वगळले नाही. स्वतः अन्याय सोसलेला माणूसही दुसऱ्यावर अन्याय करतो, हे कबूल करायला जे धैर्य लागते, ते सभ्य भाषेत लिहिणाऱ्या अनेकांपाशी नसते.

बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) याच कपाटात हवे. पुस्तकाच्या नावातच ‘माझे’ नाही, ‘आमुचं’ आहे. लेखिका आपली एकटीची गोष्ट सांगत नाही, साऱ्या महारवाड्यातील बायकांची सांगते. उच्चवर्णीयांनी केलेला छळ ती जितक्या स्पष्टपणे मांडते, तितक्याच स्पष्टपणे आपल्याच घरांतील सासवांनी कोवळ्या सुनांचा केलेला छळही मांडते. स्वतःच्या समाजाविषयी एवढे खरे बोलणे सोपे नाही. लोक म्हणतात, घरातले उणे बाहेर कशाला सांगायचे? हे वाक्य आपल्याही परिचयाचे आहे.

कारण ही पुस्तके ‘त्यांची’ आहेत, असे समजून वाचली तर व्यर्थ आहे. वेदीपाशी आपण एका रांगेत उभे राहतो हे खरे. पण विवाहाच्या बोलण्यात ‘मुलगी कुठल्या समाजाची?’ हा प्रश्न अजून निघतोच. आपली प्रार्थना निराळी असली, तरी ज्या मातीत आपण वाढलो, तिच्यातील जात आपल्याही अंगाला चिकटलेली आहे. ‘बलुतं’ वाचून ज्याला फक्त इतरांचा राग येतो, त्याने ते पुन्हा वाचावे.

या जड वाचनात थोडा विसावा हवा असेल, तर व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) घ्यावी. माणदेशातील धनगरांच्या एका वाडीत नेमणूक झालेला कोवळा शाळामास्तर गोष्ट सांगतो. पुस्तक लहान आहे, वाक्ये छोटी आहेत, नवख्या वाचकालाही ते सहज झेपते. मास्तर वाडीला सुधारायला गेलेला असतो. पण लेखक वाडीला अडाणी ठरवीत नाही. कारभारी असो, चोर असो, रिकामटेकडा असो, प्रत्येकाला त्याचे त्याचे शहाणपण आहे. शेवटी दुष्काळ येतो व वाडी ओस पडते. लेखक एक शब्दही जास्त बोलत नाही. न्याय देणे म्हणजे काय, हे येथे शिकावे.

हाच न्याय परक्या भूमीवर पाहायचा असेल, तर ग्रॅहम ग्रीन या इंग्रज कॅथलिक लेखकाची ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ (१९४०) इंग्रजी वाचणाऱ्यांनी अवश्य वाचावी. मेक्सिकोतील टबास्को प्रांतात चर्चचा छळ चालू असताना लपतछपत फिरणाऱ्या एका धर्मगुरूची ही कथा आहे. ग्रीन १९३८ साली स्वतः त्या देशात फिरून आले होते. त्यांचा धर्मगुरू दारूडा आहे, एका मुलीचा बाप आहे, भेकड आहे. त्याचा पाठलाग करणारा लेफ्टनंट मात्र निर्व्यसनी, प्रामाणिक, गरिबांच्या मुलांविषयी कळवळा असणारा आहे. एका कॅथलिक लेखकाने चर्चच्या शत्रूला इतके सद्गुण द्यावेत! आणि तरीही मरणाऱ्याला प्रभूची क्षमा मिळावी म्हणून तो दुबळा धर्मगुरू जाणूनबुजून सापळ्यात परततो, तेव्हा कृपा या शब्दाचा अर्थ कोणत्याही ग्रंथाहून अधिक स्पष्ट होतो. १९५३ साली रोमच्या होली ऑफिसने या कादंबरीवर आक्षेप घेतला होता. पुढे १९६५ साली पोप सहावे पॉल यांनी ग्रीन यांना भेटीत सांगितले, की तुमच्या पुस्तकांतील काही भाग काही कॅथलिकांना नेहमीच खटकतील, तिकडे लक्ष देऊ नका. त्यानंतरच्याच वर्षी, १९६६ मध्ये, निषिद्ध ग्रंथांची जुनी यादी चर्चने बंधनकारक न ठेवता बाजूला सारली. खुद्द रोमने जी यादी मिटवली, ती आपण आपल्या छोट्या ग्रंथालयात कुलपाच्या रूपाने पुन्हा का चालू ठेवावी?

शेवटचे पुस्तक आपल्या अगदी जवळचे आहे. जेरी पिंटो यांची इंग्रजी कादंबरी ‘एम अँड द बिग हूम’ २०१२ साली आली व २०१६ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शांता गोखले यांनी ती ‘एम आणि हूमराव’ या नावाने मराठीत आणली आहे. माहीममधील एका गोवन कॅथलिक कुटुंबाच्या लहानशा घरात आई मनोविकाराने ग्रस्त आहे. कधी ती घर हसवून सोडते, कधी जीव द्यायला निघते. मुलगा ही गोष्ट सांगतो. लेखकाच्या स्वतःच्या घराचा आधार तिला आहे, म्हणून कादंबरी व आत्मकथन यांच्या मधल्या उंबरठ्यावर ती उभी आहे. मुलाचा देवावरील विश्वास या आजारापुढे टिकत नाही, हेही लेखक झाकत नाही. एखाद्या धर्मगुरूने हे पुस्तक का सुचवावे? कारण असे आजार आपल्या घरांत आहेत आणि आपण त्यांना कधी ‘नजर लागली’ म्हणतो, कधी ‘प्रार्थना कमी पडली’ म्हणतो, बहुतेक वेळा दार लावून गप्प बसतो. त्या बंद दारामागील माणसाला हे पुस्तक सांगते, की तू एकटा नाहीस. पिंटो यांनीच २०१५ साली ‘बलुतं’ इंग्रजीत नेले व शांता गोखले यांनी २०१७ साली ‘स्मृतिचित्रे’. आपण वेगवेगळ्या कपाटांत ठेवलेली पुस्तके या दोघांनी केव्हाच एकमेकांशेजारी आणली आहेत.

वसईच्या मातीतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘नाही मी एकला’ हे आत्मकथन या यादीत वेगळे सांगायला नको. २०२४ साली ते गेले, तेव्हापासून अनेकांनी ते वाचायला घेतले आहे. तेही याच दोन प्रश्नांसह वाचावे, एवढीच विनंती. आपल्या माणसाचे पुस्तक म्हणून माप सैल करणे हा त्या माणसाचाही मान नव्हे.

ग्रंथालय सांभाळणाऱ्यांना एक सूचना. ही पुस्तके सुटी न देता जोडीने द्यावीत: ‘माझे पुराण’ आणि ‘स्मृतिचित्रे’, ‘बलुतं’ आणि ‘जिणं आमुचं’, ‘पण लक्षात कोण घेतो!’ आणि ‘यमुनापर्यटन’. वाचकाचे वय जरूर पाहावे. लहान मुलाला ‘बलुतं’ देण्याचे कारण नाही. पण प्रौढ वाचकाला कुलूप दाखवू नये. महिन्यातून एकदा, रविवारच्या मिस्सानंतर, पाचसात जणांनी बसून एका पुस्तकावर तासभर बोलावे. लेखकाने स्वतःला किती वाचविले आणि विरोधकाला किती समजून घेतले, एवढे दोनच प्रश्न चर्चेला पुरेत. वाचनाची सवय नसलेल्याने ‘बनगरवाडी’पासून सुरुवात करावी. ‘चांगले पुस्तक सुचवा’ असे पुढच्या वेळी कोणी विचारले, तर त्याच्या हाती आधी हे छोटे पुस्तक द्यावे आणि ते परत करायला तो येईल, तेव्हा वाडीतला कोणता माणूस त्याला पटला नाही, ते विचारावे.